कोरडा की ओला

“कोरडा की ओला?” औषधांच्या दुकानातल्या ताईंनी विचारलं.

काउंटरपलीकडची तरुण आई गडबडली. “म्हणजे... खोकलाच.”

झालं. एकोणीस वर्षांत ताई या एका प्रश्नावरून माणसं ओळखायला शिकल्या होत्या. ज्याचं पोर खरंच खोकतंय, तो पटकन सांगतो. ज्याला पोराला नुसतं झोपवायचंय, तो घुटमळतो.

“झोपेसाठी खोकल्याचं सिरप देऊ नये, बाई. लहान जिवाचा श्वास मंदावू शकतो. डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवलं. धीर धरा म्हणाले. तुम्हाला काय जातंय बोलायला, तुम्ही रात्री झोपता.” ती तरातरा निघून गेली.

ताईंची स्वतःची चार वर्षांची लेक तीन महिने झाले, रात्रीतून सहा-सहा वेळा उठून बसायची. नवरा नोकरीसाठी परगावी. त्यांचेही डॉक्टर म्हणाले होते, औषध नको, सवयी बदला, धीर धरा. धीर धरायला ना नव्हती हो, पण काल पेंगत पेंगत ताईंनी एका आजोबांच्या पिशवीत रक्तदाबाच्या दुप्पट ताकदीच्या गोळ्या घातल्या. लक्षात येताच धावत जाऊन आजोबांना कोपऱ्यावर गाठलं म्हणून निभावलं. मालकांना मात्र त्यांनी पत्ता लागू दिला नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या चार गल्ल्या ओलांडून, कुणी ओळखत नाही अशा दुकानात गेल्या.

“खोकला कोरडा की ओला?” तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं.

“कोरडा,” ताई म्हणाल्या. जराही घुटमळल्या नाहीत.

संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन त्यांनी चमचा भरला. लेकीने शहाण्यासारखा आ केला आणि परत तोंड मिटलं.

“पण आई, मला कुठे खोकला आहे?”

ताईंना रडूच फुटलं. “नाही गं राणी. आईच दमलीय.” त्यांनी चमचा बेसिनमध्ये ओतला, मागोमाग बाटलीही. त्या रात्री लेक पाच वेळा उठली.

सकाळी त्यांनी मालकांना आजोबांची गोष्ट सांगून टाकली. “काही दिवस माझी प्रत्येक पिशवी तुम्ही बघूनच द्या.”

पहिलं गिऱ्हाईक आलं. ताईंनी पिशवी भरली, मालकांपुढे ठेवली. ते चष्मा लावून एकेक पाकीट तपासत होते, तोवर ताई नव्याने कामाला लागलेल्या पोरीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या.