चार पावलांवरचा पडदा

मला ओढायचं म्हणजे सिस्टरची चार पावलं खर्ची पडायची. न ओढलं, की चार वाचायची. सकाळभरात पन्नास बायका, म्हणजे दोनशे पावलांची बचत! मित्रांनो, मी बाळंतपणाच्या दवाखान्यातला, धुऊन धुऊन विरलेला हिरवा पडदा आहे. लाज राखणं हे माझं काम. आज मात्र तोंड लपवायला मला दुसरा पडदा नाही.

सिस्टर काही दुष्ट नव्हती. फक्त तिची नजर आधी चपलांवर जायची. उंच टाचा वाजल्या, की मी सर्रकन ओढला जाई. झिजलेल्या चपला दिसल्या, की मी आपला भिंतीशी गोळा होऊन उभा. समोरच्या बाकावर पुरुषही बसलेले असत, पण ते तिच्या हिशेबात नसत. आणि मी? टाचांसाठी ओढलं, की फुशारून जायचो.

दर महिन्याला मला धुऊन आणणारी इस्त्रीवाली सातव्या महिन्यात तपासायला आली. बाकावर तिचा दीर होता. टेबलावर आडवी होत ती हळूच म्हणाली, "सिस्टर, तेवढा पडदा..."

"अगं, तूच धुतेस ना त्याला? मग आता कसली लाज!"

बाक खो-खो हसला. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "काही त्रास?"

तिने बाकाकडे पाहिलं. "नाही, बाई."

खरं तर तीन दिवसांपासून तिच्या अंगावरून रक्त जात होतं.

दुसऱ्या दिवशी तिला उचलूनच आणलं. ती वाचली, बाळ नाही वाचलं.

"अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दीर समोरच बसला होता, बाई."

डॉक्टरीणबाई स्वतः उठल्या, चार पावलं चालल्या आणि मला ओढलं. तेव्हापासून इथे आधी पडदा, मग प्रश्न; चप्पल कुठलीही असो.

पुढच्या महिन्यात तिनेच मला धुऊन आणलं. अंगावर एक सुरकुती ठेवली नव्हती तिने.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी डॉक्टर झालं, सिस्टर झालं, तर आधी पडदा ओढा आणि मग विचारा. आमचा हिशेब तुमच्यासमोर आहे. सिस्टरची चार पावलं वाचली, डॉक्टरीणबाईंचं अर्धं मिनिट वाचलं, माझी घडीही मोडली नाही. भरलं ते तिने एकटीने.