पहिले ताट

कुसाबाई, तिची सून ठमाबाई आणि ठमाबाईची सून मी. मखमलाबादच्या मळ्यात आम्ही तिघी सगळ्यांच्या मागून जेवलो आणि त्याचा अभिमान बाळगला. चौथी माझी सून भाग्यश्री. तिला पाचवा महिना होता आणि दवाखान्यात नर्सबाई कागदावर बोट ठेवून म्हणत होत्या, "हिमोग्लोबिन सात. पहिली मुलगी केवढी?"

"चौदा महिन्यांची," मी सांगितले.

"त्यांना बोलू द्या, आजी. ताई, सकाळी काय खाता?"

"चहा-भाकर. पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या असत्यात."

"मेथी खाता?"

"ती मार्केटला जाती."

"आणि दुपारी?"

"समद्यांचं झालं की. भाजी उरली तर भाजी, नायतर चहाच."

"चहा लोह अंगी लागू देत नाही. त्यात दोन खेपांत अंतर नाही. बाळंतपणात जिवावर बेतेल."

"आम्हीही असेच जेवलो."

"तुमचं रक्त तपासलं होतं कधी?"

तपासले होते. तीन वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हा आधी रक्त चढवावे लागले. घरात माझ्या गटाची एकटी भाग्यश्री, नवी नवरी. रक्ताची बाटली देऊन ती घरी आली, तिने सगळ्यांना वाढले आणि उरलेली भाकर चहात बुडवून खाल्ली. शेजारच्या वत्सलाबाईंनी सांगितले, तेव्हा मी 'गुणाची आहे' एवढेच म्हणाले होते.

घरी माझा मुलगा राजू ताटावर बसला होता.

"ऊठ. आधी भाग्यश्री जेवेल."

"आई, मला टेम्पो भरायचाय."

"मग भर. तोवर तिचं होतं."

भाग्यश्री अवघडली. "आत्याबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघते. तू जेव."

त्या दिवसापासून मेथीची एक जुडी घरात राहू लागली. ताटात लिंबाची फोड आली. लोहाची गोळी मी समोर उभी राहून देई. चहाचा डबा माझ्या कपाटात गेला. राजूलाही मागून घ्यावा लागे.

नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन अकरा झाले. वेदिका जन्मली. राखून ठेवलेली रक्ताची पिशवी न वापरता परत गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात डबा उघडला आणि ताट भाग्यश्रीपुढे ठेवले.

"तुम्ही जेवलात?"

"तू आधी. माझ्याकडे तुझी एक बाटली होती."

"ती फिटली, आत्याबाई. काल पिशवी परत गेली तवाच."

तिने डब्याचे झाकण उलटे केले, भाकरी मधोमध मोडली आणि मेथीचा अर्धा वाटा माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघी एकाच वेळी जेवलो.