पावणेचारचा वारा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला मी मैदानावर नेलं. एका ट्रेमध्ये वाळू, दुसऱ्यात पाणी, दोन्हींत थर्मामीटर, आणि शेजारी बांबूला बांधलेली लाल रिबन. ऊन दोन्हींवर सारखंच पडतं, पण वाळू झटकन तापते, पाणी सावकाश. जमीन आणि समुद्राचंही तसंच. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत शिरते.

"बारापर्यंत ही रिबन उलटी फिरेल," मी म्हटलं. "सूर्य वारा कसा चालवतो ते डोळ्यांनी बघा."

कोपरच्या या शाळेत मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवतोय. हा प्रयोग दरवर्षी करतो आणि दरवर्षी रिबन फिरते.

ट्रे आणून ठेवणाऱ्या शीलाताई, आमच्या शाळेतल्या शिपाईबाई, जाता जाता थांबल्या. त्यांचं माहेर मिठागरावरचं. "सहदेव सर, आज वारा उगवतीकडनं, मलंगगडाच्या अंगानं आलाय. कोरडा हाय. असा वारा सुटला की खाडीकडचा लवकर येत नाय. पोरांना सावलीत घ्या."

"शीलाताई, भूगोल मी शिकवतो की तुम्ही?"

पोरं खळखळून हसली. त्याही कसनुसं हसल्या आणि गेल्या.

बारा वाजले. साडेबारा झाले. वाळूचा पारा अठ्ठावन्नवर गेला. रिबन मात्र होती तशीच पश्चिमेकडे फडफडत होती. मुलं कपाळावर वह्या धरून उभी होती. कुणीतरी पाणी मागितलं. मी म्हटलं, "पाचच मिनिटं." अशी पाच मिनिटं मी चार वेळा मागितली. वारा फिरला नाही तर शीलाताई खऱ्या ठरतील, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

मग पुढच्या रांगेतली संचिता कोसळली. अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे अर्धवट उघडे. मी तिचं नाव घेत नुसता उभा. व्हरांड्यातून शीलाताई धावत आल्या, तिला उचलून सावलीत नेलं, ओढणी भिजवून तिच्या मानेवर ठेवली आणि रिक्षा बोलावून तिला दवाखान्यातही त्यांनीच पोचवलं.

मुख्याध्यापिका स्वप्ना मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "मुलं दीड तास उन्हात? पाण्याची सोय नव्हती?"

"सांगून ठेवलं होतं," मी म्हणालो. "शीलाताईंनी वेळेवर आणलं नाही."

कसं बोललो कोण जाणे. एकदा तोंडातून गेलं, आणि ते परत घ्यायला जीभ वळेना.

संचिता दोन दिवसांत बरी झाली. शीलाताईंना मेमो मिळाला. त्यांनी मॅडमच्या टेबलाशी उभं राहून त्यावर सही केली, तेव्हा मी हजेरीपट घ्यायला आत आलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" तिलाही खोटंच सांगितलं.

चौथ्या दिवशी मी शीलाताईंच्या घरी गेलो. त्या दारातच तांदूळ निवडत होत्या.

"शीलाताई, माझं चुकलं."

"मला काय सांगता, सर? मला ठाऊकच हाय." सुपातून नजर वर न करता त्या म्हणाल्या. "माझी नऊ वर्षं झाली. एक दिवस उशीर नाय. ज्यांना खोटं सांगितलंत, त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं लेखी दिलं. शीलाताईंचा मेमो रद्द झाला आणि नवा माझ्या नावानं निघाला. संचिताच्या वडिलांची माफी मागायला गेलो, तर त्यांनी मला पायरीवरच थांबवलं आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं.

मग आठवीच्या वर्गात गेलो. फळ्याकडे तोंड करून बोलणं सोपं गेलं असतं. मुलांकडे बघून बोललो. पाणी मी सांगितलंच नव्हतं, हे सांगितलं. शीलाताईंना तुमच्यासमोर हिणवलं, हेही. आणि राहिलेला धडाही पुरा केला: सूर्य फक्त आपलंच मैदान तापवत नाही, आतला सगळा मुलूख तापवतो. कधी कधी तिकडची कोरडी हवा घाट उतरून जोरात येते, उतरताना आणखी तापते आणि समुद्राच्या वाऱ्याला तासन्‌तास अडवून धरते. हे मला माहीत होतं. त्या दिवशी आठवायचं नव्हतं, एवढंच.

संचितानं हात वर केला. "सर, मग त्या दिवशी वारा फिरला किती वाजता?"

मला सांगता येईना. तेव्हा मी ऑफिसात खोटं बोलून स्टाफरूममध्ये तोंड लपवून बसलो होतो.

मधल्या सुट्टीत शीलाताईंना विचारलं.

"पावणेचारला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून आले, तर तुमचे ट्रे तसेच उन्हात पडलेले. ते आत घेत होते तेव्हा."