मागची फळी

मिस्त्रीच्या घरात दोन बहिरी माणसं होती. त्यातल्या एकाला खरंच ऐकू येत नव्हतं आणि दुसरीने बहिरेपणाचं सोंग घेतलं होतं.

खरा बहिरा मिस्त्री. जन्मभर यार्डात फायबरच्या होड्या बांधल्या आणि ग्राइंडरच्या आवाजात कानांची पार वाट लावून घेतली. पण हे त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. दारावरची बेल वाजली आणि तो ढिम्म बसून राहिला की बायको म्हणायची, "बेल बिघडलीय मेली." पाहुण्याने काही विचारलं आणि हा भलतंच उत्तर द्यायच्या बेतात दिसला की ती मध्ये पडायची, "काय म्हणालात? मला नीट ऐकू आलं नाही, जरा मोठ्याने सांगा." पाहुणा मोठ्याने सांगायचा, मिस्त्रीला ऐकू जायचं आणि त्याची अब्रू शाबूत राहायची. गल्लीच्या टोकापर्यंत टीव्ही ऐकू जायचा तोही आपल्यासाठीच, असं तिने शेजारणीला सांगून ठेवलं होतं. होता होता मिस्त्रीणबाईचे कान गेल्याची बातमी सगळीकडे झाली. पोटची मुलगीसुद्धा आईशी ओरडून बोलू लागली. मिस्त्री बिचारा मनापासून हळहळायचा. दुकानातून कानात घालायचे थेंब घेऊन यायचा आणि ती ते निमूटपणे घालून घ्यायची.

मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव, आणि मोठेपणीही तिने ते सार्थ केलं. ती दुसऱ्यांच्या होड्यांवर मासेमारीला जायची. जाळी ओढायची हिने आणि शिव्या देणार मालक, याचा तिला वीट आला होता. बर्फाच्या कारखान्यामागे एक जुनी फायबरची होडी कितीतरी वर्षं बेवारस पडली होती, आत चक्क गवत उगवलं होतं. भिंगरीने ती मिळवली, ट्रकवर घातली आणि घरी आणली. अंगणाचं फाटक बिजागरीतून काढावं लागलं तेव्हा कुठे ती आत आली. लाकडी ओंडक्यांवर आणि जुन्या टायरांवर ती बसवली, तेव्हा तिचं नाक थेट स्वयंपाकघराच्या खिडकीला येऊन टेकलं.

मिस्त्रीच्या अंगात जणू वारं संचारलं. यार्ड सोडल्यापासून खुर्चीला खिळलेला माणूस सकाळी उठून होडीत चढू लागला. गवत उपटलं, शेवाळ खरवडलं, तडे उघडून साफ केले, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई पसरून चिकट रेझिन ओतलं. घरभर त्या रेझिनचा वास. पडद्यांना वास, उशांना वास. पण बायकोने एका शब्दाने तक्रार केली नाही. नवरा शीळ घालत होता, बेसूर का होईना, आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

फायबरच्या होडीचं दुखणं वरून दिसत नाही, ते ठोकून ऐकावं लागतं. मिस्त्री हातोडीच्या लाकडी दांड्याने अंगुळअंगुळ ठोकत जायचा. आवाज खणखणीत आला तर जागा निरोगी. बद्द आला तर आत पाणी शिरलंय, थर सुटलेत, तिथे खडूने फुली. यार्डात हे काम त्याचंच होतं. त्याने दांडा ठोकून मान डोलावल्याशिवाय एकही होडी पाण्यात जायची नाही. आताही त्याने होडी अशीच तपासली, हाताला मऊ लागलेल्या जागी चार फुल्या मारल्या, त्या जागा कापून नव्या केल्या आणि मग पांढरा रंग चढवला. होडी अशी देखणी दिसू लागली की शेजारी येऊन फोटो काढू लागले.

दुसऱ्या दिवशी इंजिन बसायचं होतं. मिस्त्रीणबाई होडीतली धूळ झाडायला चढली. झाडू धुळीने भरला म्हणून त्याचा दांडा तिने होडीच्या कडेवर आपटला. टक. पुढे सरकली, पुन्हा आपटला. टक. मागच्या टोकाला जी आडवी फळी असते, ज्यावर इंजिन टांगतात, तिच्यावर आपटला, तर बद्द. तिने पुन्हा आपटला. पुन्हा बद्द. ओल्या गादीवर धपाटा घातल्यासारखा.

लग्न झाल्यापासून यार्डात नवऱ्याचा डबा घेऊन जाताना तिने हे दोन्ही आवाज ऐकले होते. त्यातला फरक तिला कोणी शिकवायला नको होता. ती मागची फळी म्हणजे नुसतं फायबर नसतं, दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. ते आतून कुजलं असेल तर भर समुद्रात इंजिनाच्या ओढीने फळी फाटणार, आणि मागून पाणी असं घुसणार की भिंगरीला हाक मारायलाही उसंत मिळणार नाही.

ती खाली उतरली आणि मिस्त्रीच्या कानाशी जाऊन म्हणाली, "अहो, मागच्या फळीचा आवाज बद्द येतोय."

मिस्त्री हसला. "मी ठोकून पाहिलीय. दगडासारखी आहे."

"तरी पुन्हा एकदा बघा ना."

त्याने तिच्या समाधानासाठी बघितलंसुद्धा. हातोडी घेऊन तिच्यासमोर ठोकलं. बद्द, बद्द, बद्द. "ऐकलंस?" तो म्हणाला. "खणखणीत."

तिला रडू फुटायचं बाकी होतं. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच सांगायचं होतं, पण ते चार शब्द इतकी वर्षं गिळले होते की आता ते बाहेर यायलाच तयार नव्हते. सांगितलं तर माणूस पुन्हा खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी उठणारच नाही, याची तिला खात्री होती. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

सकाळी इंजिनवाला आला. त्याने फळीवर मापं घेतली आणि भोकं पाडायला ड्रिल मशीन जोडलं. भिंगरी त्याच्याभोवती नाचत होती. तेवढ्यात आई मध्ये येऊन उभी राहिली.

"इंजिन बसवू नका. फळी कुजलीय. मी आवाज ऐकलाय."

भिंगरीने इंजिनवाल्याकडे बघून डोळा मिचकावला आणि आईच्या कानाशी ओरडली, "आई, तुला घरातली बेल ऐकू येत नाही, फळीचा आवाज कुठून ऐकू आला?"

इंजिनवाला हसला. मिस्त्रीला शब्द कळले नाहीत, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला. त्या हसण्याने मिस्त्रीणबाईचा संताप झाला. नवऱ्यावर नव्हे, स्वतःवर. तिने इतकं चोख सोंग वठवलं होतं की आता ती खरं बोलत असताना कुणाचा विश्वास बसत नव्हता. लेकीचा जीव धोक्यात आणि हिची साक्ष कवडीमोलाची.

तिने इंजिनवाल्याच्या हातून मशीन हिसकावलं. तो "बाई, बाई" करेपर्यंत तिने ते नव्याकोऱ्या पांढऱ्या रंगावर टेकवलं आणि खटका दाबला. मिस्त्री ओरडत धावला. टोक आत गेलं, क्षणभर अडलं आणि मग लोण्यात शिरल्यासारखं घुसलं. तिने ते बाहेर ओढलं. भोकातून तपकिरी पाण्याची धार लागली आणि तिच्याबरोबर लाकडाचा काळा लगदा. कुजकट वास अंगणभर पसरला.

भिंगरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मिस्त्रीने लगदा बोटांनी चोळला, नाकाशी नेला. मग हातोडी उचलली आणि त्या भोकाशेजारी ठोकलं. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत पुन्हा ठोकलं.

"तुला ऐकू येतं," तो म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली.

"आणि मला येत नाही."

तिने हातातलं मशीन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"यार्डात होतात तेव्हापासून," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "शेवटची दोन-तीन वर्षं तरी."

आता तो चिडेल, हातोडी फेकेल, आपल्याशी बोलणं टाकेल, असं तिला वाटलं. तसं तो वागला असता तर बरं झालं असतं. तो ओंडक्यावर बसला आणि बोटांवर मोजू लागला.

"बर्फवाल्याच्या भावाची मोठी होडी," तो म्हणाला. "शाळेच्या शिपायाच्या जावयाची. ती हिरव्या पट्ट्याची. सगळ्या मीच ठोकल्या."

इतकी वर्षं मिस्त्रीणबाईने नवऱ्याची अब्रू तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. पण त्याच्या मान डोलावण्यावर विसंबून माणसं समुद्रावर जातात, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मिस्त्री उठला, पायात चपला सरकवल्या. "चल धक्क्यावर. दुपारी सगळ्या परततील. कुठे ठोकायचं ते मी दाखवतो, ऐकायचं तू."

ती पदराला हात पुसत निघाली. भिंगरीने वाट करून दिली. फाटकापाशी पोहोचल्यावर मात्र मिस्त्रीचे पाय थांबले.

"आणि जुळ्या भावांची निळी," तो म्हणाला.

निळी होडी गेल्या वर्षी समुद्रातून परत आली नव्हती. दोघे भाऊही आले नव्हते. वादळात गेली, असं सगळे म्हणाले होते, आणि मिस्त्री त्यांच्या आईला भेटून आला होता.

"वारा होता हो त्या दिवशी," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?" त्याने कानामागे हात धरून विचारलं. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच कुणाला विचारलं होतं.

तिला तेच पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि मोठ्याने म्हटल्यावर ते तिचं तिलाच खरं वाटेना.