सात नंबरच्या संगणकावरची अक्षरं

"आली! मंजुषा आली!"

कोणीतरी किंचाळलं आणि बिडकीनच्या शाळेतल्या संगणकाच्या लॅबमध्ये कोंबलेली शंभरेक माणसं चिडीचूप झाली. सात नंबरच्या संगणकावर, कोणी हात न लावता, अक्षरं उमटत होती : आई, लई तहान लागली.

द्वारकाबाईंनी पडद्याच्या काचेवर कपाळ टेकलं. मंजुषा त्यांची लेक, सातवीतली. याच संगणकावर बसायची. मागच्या उन्हाळ्यात गेली. आता २०१६चा जून आला होता, शाळा भरली होती, पाऊस मात्र नव्हता.

"वायरीवायरीतून आत्मा फिरतोय!" भूत उतरवणारे सांडूबुवा गरजले. "ही खोली मोकळी करा, माझी गादी इथं बसवा. मगच पोरगी शांत व्हईल."

संगणक शिकवणाऱ्या शैलाबाईंच्या अंगावरही काटा आला. मंजुषाला पहिलं अक्षर टाइप करायला त्यांनीच शिकवलं होतं. आठवडाभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मुली लॅबची पायरी चढेनात. पण एक गोष्ट त्यांना सलत होती. बुवा नसताना अक्षरं कधीच का उमटत नव्हती?

रविवारी शैलाबाई शहरातून एकट्याच शाळेत आल्या. कुठलंही यंत्र उचलावं आणि हव्या त्या बाकावर जोडावं, अशी ही लॅब त्यांनीच मांडून घेतली होती. त्यांनी मंजुषाचा संगणक शेवटच्या बाकावर नेला, त्याच्या जागी तसाच दुसरा ठेवला आणि वरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्याही बदलल्या.

सोमवारी बुवांनी डोळे फिरवले. "ये पोरी, आपल्या जागेवर ये!"

त्या जागेवरचा पडदा कोराच राहिला. शेवटच्या बाकाजवळून एक बाई ओरडली, "अगं बया, हितं उमटतंय की!"

"आत्मा... भटकतोय," बुवा अडखळले.

"आत्मा नाही, मी यंत्र हलवलंय." शैलाबाईंनी भिंतीवरच्या वायफायच्या डबीची वायर उपटली. अक्षरं अर्ध्यावर थांबली. "आता बोलवा."

बुवांनी घसा बसेस्तोवर मंत्र म्हटले. काही नाही.

खिडकीबाहेर बुवांच्या जीपमध्ये वायरमन कृष्णा मोबाइल झटकत बसला होता. लॅबच्या वायरी त्यानंच ओढल्या होत्या आणि पासवर्ड त्याच्याजवळच राहिला होता. शैलाबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. लोकांनी त्याला आत आणलं तेव्हा तो रडायलाच लागला. संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचं नाव असतं. मंजुषाच्या यंत्राच्या नावावर तो मजकूर धाडायचा. शैलाबाईंनी वायर पुन्हा जोडली, त्याच्याकडून पासवर्ड घेतला आणि स्वतःच्या मोबाइलवरून लिहिलं : हे मी लिहिते आहे. सगळ्यांनी वाचलं. बुवा तोवर सटकले होते.

द्वारकाबाईंचा हात काचेवरून निघेना. "म्हंजी बाई, ती माझ्याशी बोललीच नाय?"

शैलाबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "नाही, ताई."

द्वारकाबाई उठल्या आणि गर्दीकडे वळल्या.

"टँकर आला नाय म्हून माझी लेक विहिरीवर गेली. विहिरीला कठडा नव्हता. आजबी नाय. भूत बघाया एवढे जमलात. कठडा का नाय, हे विचाराया किती जण येता?"