मिक्स पाकळ्या

ऊन अंगावर यायच्या आत मांडवात बायका फुलं सोलायला बसल्या. 'सोलायला' हा तुळजाबाईचा शब्द. कार्यक्रमाचं कंत्राट घेतलेला यज्ञेश्वर त्याला 'पेटल्स सेपरेट करणं' म्हणत होता आणि घटकाघटकानं येऊन 'मिक्स पाहिजे हं मावशी, एकदम मिक्स,' असं बजावून जात होता. झेंडू, गुलाब, शेवंती, सगळ्यांच्या माना पिरगाळायच्या, पाकळ्या ताडपत्रीवर पसरायच्या आणि फावड्यानं कालवायच्या. तुळजाबाईचा जन्म फुलं तोडण्यात गेला होता, पण फूल फाडायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. दर फुलामागं भाच्याला एक शिवी हासडायचं तिनं ठरवलं होतं, पण झेंडू संपायच्या आतच शिव्या संपल्या.

भाचा म्हणजे आप्पासाहेब. बाप गेनबा जिवंत होता तोवर तो नुसता आप्पा होता. बिबवेवाडीतल्या मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि याच्या नावाला 'साहेब' चिकटला. गेनबा तुळजाबाईचा थोरला भाऊ. ती तरणीताठी रांडावून माहेरी आली ती त्याच्याच बांधावर उभी राहिली, आणि दोघा बहीणभावांनी मिळून शेवंती पिकवली, मार्केट यार्डात पोचवली. त्या मळ्यातला आता विहिरीजवळचा एवढासा तुकडा उरला होता. चहूबाजूंनी गच्च्या, गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेले कपडे, आणि मधे पिवळीधमक शेवंती. तुळजाबाईचा जीव आता तेवढ्याच मातीत अडकला होता.

गेनबाला जाऊन वर्ष झालं होतं. त्याचं वर्षश्राद्ध आणि आप्पासाहेबाची पन्नाशी यांत चार दिवसांचं अंतर होतं, पण आप्पासाहेबानं दोन्ही एकाच दिवशी उरकायचं ठरवलं. मांडव एक, माईक एक, आचारी एक. दुपारी बापाला अभिवादन, संध्याकाळी लेकाचं अभीष्टचिंतन. माणूस किती हिशेबी असावा, तर बापाच्या श्राद्धाच्या मंडपात स्वतःचा केक कापायला निघालेला!

तो पांढऱ्याफेक कपड्यांत मांडवात आला तशी तुळजाबाई म्हणाली, "आप्पा, ह्या एकाच ढिगातलं दुपारी बापाच्या फोटूवर आन् सांच्याला तुझ्या टकुऱ्यावर व्हय रं?"

"मग काय झालं?"

"मेल्याचं येगळं ठिवत्यात, जित्याचं येगळं. तुला कुनी सांगितलं न्हाई का?"

"आत्या, फुलाला काय कळतंय त्यातलं?"

"फुलाला न्हाई कळत. मानसाला कळावं म्हून इचारलं."

आप्पासाहेबानं नाक मुरडलं. तुळजाबाईनं हातातला गुलाब खाली ठेवला.

"आन् हिरीजवळच्या तुकड्याचं काय केलंस?"

"एकदा सांगितलं ना. उद्या सकाळी जेसीबी लागणार तिथं. पार्किंग काढायचंय."

"तुझ्या बापानं अंथरुन धरायच्या आदल्या दिशीबी त्या वाफ्याला पानी दिलंय."

"म्हणून तर पार्किंगला त्यांचंच नाव देतोय. कै. गेनबा वाहनतळ. बोर्ड रंगवायला टाकलाय."

हे बोलताना त्याला हसूही आलं नव्हतं.

"आणि हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "आज मोठी माणसं येणारेत. तू कुणाला काही शिकवायचं नाही. आज तू तोंड उघडायचंच नाहीस. कळलं?"

"कळलं. न्हाई उघडत."

दुपारी गेनबाच्या फोटोसमोर भाषणं झाली. फोटोत त्याच्या डोक्यावर भरजरी फेटा चढवला होता. बिचाऱ्यानं जन्मभर डोक्याला पंचा गुंडाळला. ज्यांनी त्याला कधी बघितलं नव्हतं त्यांनी त्याच्या कष्टांबद्दल गळे काढले आणि ओंजळी भरभरून पाकळ्या वाहिल्या. भाषणं संपली तसा यज्ञेश्वर झाडू घेतलेल्या दोन माणसांना घेऊन आला आणि फोटोपुढच्या पाकळ्या गोळा करून परत ताडपत्रीवर ओतायला लागला.

"वेस्ट कशाला करायच्या, मावशी? फ्रेश आहेत अजून."

तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. तोंड उघडायचं नव्हतं.

संध्याकाळची पुष्पवृष्टी जेसीबीतून व्हायची होती. ज्या जेसीबीनं मळा लोळवला तोच झेंडूच्या माळा घालून मांडवाबाहेर उभा केला होता. त्याच्या बादलीत पाकळ्या ओतल्या, तर नुसता तळ झाकला. यज्ञेश्वरचं तोंड उतरलं.

"व्हॉल्यूम नाहीये. वरून पडताना भरगच्च दिसलं पाहिजे. काहीतरी लाइट आणि व्हाइट ॲड करायला हवं."

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. माणूस भेळेच्या दुकानात पिटाळला आणि चुरमुऱ्यांची पोती आणवली. ते बादलीत ओतले, रंग यावा म्हणून वर गुलालाच्या पिशव्या फोडल्या आणि सगळं हातानं कालवलं. त्या पोराचा तरी काय दोष? त्याच्या सोसायटीतलं माणूस मेलं की गाडीत घालून परस्पर विद्युतदाहिनीकडं न्यायचे. तिरडीपुढं काय उधळतात ते त्यानं कधी बघितलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या बायडाबाईनं मात्र कपाळावर हात मारला. "अवं आत्याबाई, ह्यो काय करतुय? गुलाल, फुलं आन् चुरमुरं? ह्ये तर मयताला उधळत्यात! मागल्या सालाला गेनबादादांच्या म्होरं आपुनच उधळलं की!"

"मला तोंड उघडू नगं म्हनलंय आप्पानं."

"आवं पन..."

"तुला बोलायचं तर तू बोल."

बायडाबाईचंही वावर आप्पासाहेबाच्याच घशात गेलं होतं. तिनं बादलीकडं बघितलं, मग हातातल्या पाकळ्यांकडं. "मला तरी कुठं काय दिसतंय," असं म्हणून तिनं उरलेली टोपली उचलून यज्ञेश्वरला नेऊन दिली.

संध्याकाळी बँड वाजायला लागला. आप्पासाहेब उघड्या जीपमध्ये हात जोडून उभा राहिला. जेसीबीची बादली वर गेली, डुगडुगली, आणि गुलाल, पाकळ्या, चुरमुरे असा सगळा लोट त्याच्या डोक्यावर आला.

पुढच्या खुर्चीत म्हातारा मच्छिंद्र बसला होता. दुपारच्या भजनासाठी आणला होता, टाळ अजून गळ्यातच होते. गावातल्या प्रत्येक मयताच्या पुढं त्यानं टाळ वाजवला होता. त्याला दिसायचं कमी, पण चुरमुरे अंगावर पडले आणि गुलालाचा वास आला, तसा तो गुडघ्यावर हात टेकत उठला. कोण गेलं हे त्यानं विचारलं नाही. टाळावर टाळ पडला.

"श्रीराम जय राम जय जय राम..."

भजनी मंडळानं सवयीनं ओढून घेतलं. मागं उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. एका म्हातारीनं तर डोळ्याला पदर लावला. बँडवाले गोंधळून थांबले. पुढच्या सोफ्यांवरच्या पाहुण्यांना वाटलं, गावाकडची रीत असेल, म्हणून ते टाळ्यांनी ताल धरायला लागले. यज्ञेश्वर लांबून अंगठा दाखवत होता.

आप्पासाहेब हसतमुखानं चारी बाजूंना नमस्कार करत होता. मग एक चुरमुरा त्याच्या ओठावर चिकटला. त्यानं जिभेनं आत ओढला, चावला, आणि तिथंच थिजला. कितीही साहेब झाला तरी याच गावच्या मातीतलं पोर. त्यानं खांद्याकडं बघितलं, उघड्या डोक्यांकडं बघितलं, मच्छिंद्राकडं बघितलं. जीपवरून उडी टाकली ती थेट मांडवामागं, आत्यापाशी.

"आत्या! हे काय झालं?"

तुळजाबाई गप्प.

"अगं बोल की!"

"बोलू? जित्यापनी मिरवनूक निघाली तुझी. गावानं डोळ्यांनी बघितली."

"उपाय काय याला?"

उपाय तिला ठाऊक नव्हता. असला मूर्खपणा गावात पूर्वी कुणी केलाच नव्हता, तर उपाय कुठून असणार? तिनं त्याच्याकडं बघितलं. घामानं गुलाल ओघळत होता. बाप मेला तेव्हा हा माणूस तिरडीपुढं फोनवर बोलत चालला होता. आणि आज मूठभर चुरमुऱ्यांनी त्याची गाळण उडाली होती. तिला त्याची किळस आली, आणि त्या किळसेतच तिला उपाय सुचला.

"वरीसभर बापाच्या भुईला मशीन लावायचं न्हाई," ती म्हणाली. "गेलेला मानूस कधी भुई उकरतो का?"

"पण पार्किंग..."

"मग कर की. लाव उद्या मशीन. मच्छिंद्र हाय अजून. टाळबी हायती."

आप्पासाहेबानं खिशातून फोन काढला आणि जेसीबीवाल्याला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी माळांसकट माघारी गेला. तुळजाबाई विहिरीपाशी उभी राहून बघत होती. तेवढ्यात मांडवाचं सामान न्यायला आलेला यज्ञेश्वर तिच्याकडं धावतच आला.

"मावशी, काय रिस्पॉन्स होता काल! गाववाले तर इमोशनलच झाले. पुढच्या महिन्यात खडकीला एका साहेबांचा वाढदिवस आहे. तिथंही सेम मिक्स वापरणार."

"वापर की बाबा," तुळजाबाई म्हणाली. "चुरमुरं जरा जास्ती घाल."

मग तिनं मोटार चालू केली आणि गेनबाच्या वाफ्याला पाणी सोडलं.