आईकडची माणसं

मेरेओनी फिजीतून लग्न होऊन आतिउ बेटावर आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. इथली भाषा ती बोलायची, चर्चमध्ये वरच्या पट्टीत गायची, नवऱ्याबरोबर अळवाच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहायची. तरी मुलाच्या केसकापणीचा दिवस ठरला, तेव्हा ती धास्तावली.

तामातोआचे केस जन्मापासून कापलेले नव्हते, ते आता कंबरेला टेकत होते. इथल्या रीतीप्रमाणे त्या दिवशी मुलगा सजवलेल्या खुर्चीत बसतो आणि नातलग पुढे येऊन एकेक बट कापतात. खुर्चीवर घालायची तिवाएवाए मात्र आईकडच्यांनीच शिवायची असते. तिवाएवाए म्हणजे कापडावर कापडाची पानंफुलं शिवलेली मोठी चादर. ती मुलाचीच होते, लग्नात त्याच्या खांद्यावर येते आणि शेवटी त्याच्याबरोबर मातीत जाते.

मेरेओनीला आईकडचं म्हणावं असं इथे कुणीच नव्हतं. तिची आई थकलेली, विमानं बदलत एवढ्या लांब येणं तिला झेपणारं नव्हतं. ज्या घरात मेरेओनी जन्मली ते घरही उरलं नव्हतं. समुद्र आत शिरला तेव्हा सगळं गाव उठून टेकडीवर राहायला गेलं होतं.

तिचा नवरा तेओकोताई म्हणाला, आत्याकडे पेटीभर आहेत, एक मागून आणू.

"आणि उद्या पोरानं विचारलं, ही कुणी शिवली, तर काय सांगू?" मेरेओनी म्हणाली. "तुझ्या आईला कुणी नव्हतं म्हणून मागून आणली, असं?"



ही आत्या म्हणजे उपोकोईना. बेटावर नक्षी कापावी तर तिनेच, आणि माणसांना फटकारावं तेही तिनेच. मेरेओनी लाल कापड घेऊन तिच्याकडे गेली. उपोकोईनाने विचारलं, कुठलं फूल हवंय. मेरेओनी म्हणाली, फूल नको, बदामाचं पान हवंय. आमच्या दारात रानबदामाचं झाड होतं, खारं पाणी मुळांना लागून वाळलं.

पान मागणारी तू पहिलीच, असं म्हणत म्हातारीने तिला किनाऱ्यावरून बदामाची फांदी आणायला धाडलं. फांदी आल्यावर तिने एक पान बोटांत फिरवून फिरवून पाहिलं, कापडाच्या घड्यांवर घड्या घातल्या आणि पेन्सिलीची रेघही न ओढता कात्री चालवली. कापड उलगडलं तेव्हा चटईवर गोल फेर धरलेली पानं आणि मधूनमधून बदाम पसरले. मेरेओनी बघतच राहिली.

"बघत काय बसलीस? शीव आता," उपोकोईना म्हणाली. "मी पडले बापाची आत्या. मला यात सुई घालता यायची नाही."

मेरेओनी एकटीच शिवायला बसली. पानांच्या कडा दुमडता दुमडता तिची बोटं सुजली. टाके वाकडे पडले की उसवायची, पुन्हा घालायची. समारंभ तोंडावर आला आणि अर्धी पानं अजून कच्च्या टाक्यांवरच होती. एका सकाळी ती चादर मांडीवर घेऊन नुसतीच बसून राहिली.

तेवढ्यात दारात मोटरसायकली थांबल्या. उपोकोईना एका पुतणीच्या मागून खाली उतरली. तिच्यामागे बायकांचा घोळका होता, सगळ्या तेओकोताईच्या नात्यातल्या. कुणी काही विचारलं नाही. सगळ्या चादरीभोवती बसल्या आणि सुयांत दोरे ओवायला लागल्या.

"आत्या, तुम्ही तर यांच्याकडच्या," मेरेओनी कशीबशी म्हणाली.

"होते. आज सकाळपासून तुझ्याकडची. तेओकोताईला म्हणावं, दुसरी आत्या शोध." उपोकोईनाने दोरा दातांनी तोडला. मग मान वर न करता म्हणाली, "माझी बहीण अंथरुणाला खिळली, तिची पोरं न्यूझीलंडला. तिला न्हाऊ कोण घालत होतं? तेव्हा तू विचारलंस का, ही कुणाकडची?"

मेरेओनीने सरकून म्हातारीला आणखी जागा करून दिली.

दुपारी तिने फोनवर आईला चादर दाखवली. आईने डोळे बारीक करून पाहिलं. मग म्हणाली, "अगं, हे तर आपलं झाड. आणि या बायका कोण?"

"आपल्याकडच्या," मेरेओनी म्हणाली.

फिजीच्या भाषेत काय बोलणं झालं ते उपोकोईनाने दोनदा समजावून घेतलं, तेव्हाच तिचं समाधान झालं.

समारंभाच्या दिवशी आईकडची माणसं गात गात आत आली ती पन्नासेक तरी असतील. बापाच्या बाजूला उरले तेओकोताई आणि चार म्हातारे काका. त्यांचं गाणं सुरूच होईना, लोक हसून हसून बेजार झाले. लाल पानांच्या खुर्चीत तामातोआ ताठ बसला. पहिली बट मेरेओनीने कापली. आता तिला भीती वाटत नव्हती. एवढ्या माणसांचं आपण काय केलं म्हणून ही आपल्याला मिळाली, एवढंच तिच्या मनात येत होतं.

पंगतीत उपोकोईनाने तक्रार मांडली, की बापाकडच्यांना मोठं डुक्कर वाढलंय, आम्हा आईकडच्यांना लहान.

"आत्या, आम्ही पाचच जण, उरलेलं तुमच्याकडेच येणार," तेओकोताई वैतागून म्हणाला.

"आत्या कुणाला म्हणतोस?" उपोकोईना म्हणाली. "सासूबाई म्हण."

मेरेओनीने हसत उठून तिच्या पानात भाजलेल्या अळकुड्या वाढल्या आणि तिच्याच शेजारी जेवायला बसली.